पडवीतली कामाची जागा : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट २०२५

२७ एप्रिल, रविवार

पुण्याहून देवरुखजवळच्या घरी येऊन पाच महिने झाले. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आले होते, आता इथेच राहायचं ठरलं आहे. काम माझं बरोबर आलं : शालेय पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन, दिवसाचे सात-आठ तास. हे पाच महिने ओटीवर, स्टुलावर लॅपटॉप ठेवून काढले. उजवा खांदा भरून येतो, रात्री करंगळीला मुंग्या येतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, बसायची रीत बदलली नाही तर गोळ्यांचा उपयोग नाही.

म्हणून आजपासून ही वही. पहिल्या पानावर एकच नियम लिहिला आहे : आधी मोजायचं, मग पैसे काढायचे.

जागेसाठी दोनच पर्याय. एक, माजघराला लागून असलेली बाळंतिणीची खोली. घराच्या पोटात, सगळीकडून जांभ्याच्या जाड भिंती आणि हातभर झरोका. मे महिन्यात गार, पावसाळ्यात घरातली सगळ्यांत कोरडी. पण भर दुपारी बारालाही तिथे दिवा लागतो. दुसरा पर्याय पूर्वेची पडवी. कमरेएवढी भिंत, वर लाकडी गज, उजेड भरपूर. मात्र कौलं उतरत्या बाजूला जेमतेम सहा फुटांवर आणि पावसाची झड थेट आत. आई म्हणाली, "श्रावणात तिथे कपडे वाळत नाहीत गो, तू कागद घेऊन कुठे बसतेस?"

तिचं खरं आहे. पण मी दिवसभर अनुस्वार आणि वेलांट्या बघते. मला उजेड पाहिजे. पडवी ठरली. कागद, छापील प्रती आणि प्रिंटर बाळंतिणीच्या खोलीत राहतील, मी आणि पडदा बाहेर. पडदा म्हणजे मॉनिटर. वहीत तेवढंच लिहीत जाईन.

१ मे, गुरुवार

आईने शिवणाच्या टेपने माझी मापं घेतली. अनवाणी. टेबलाखुर्च्यांची नेहमीची मापं पायात बूट धरून काढलेली असतात. घरात आपण अनवाणी बसतो, तिथेच दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो.

उंची १५५ सेंमी. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत ३९. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत २१. मांडीची जाडी १४. बैठकीपासून डोळ्यांपर्यंत ६८.

म्हणजे पाय जमिनीवर सपाट टेकले तर खुर्ची ३९ ला हवी आणि कोपर ६० वर येतं. बोटं कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली चालावीत. कीबोर्डची जाडी २ सेंमी वजा केली की टेबल ५८ ला हवं.

बाबांचं शाळेतलं सागवानी टेबल मोजलं : ७६. देवरुखच्या दोन दुकानांत विचारलं, सगळी टेबलं ७४ ते ७६. माझ्या उंचीच्या बाईला ही टेबलं वीतभर उंच आहेत, आणि या राज्यात माझ्या उंचीच्या बायका काही थोड्या नाहीत. हात वर उचलून टंकलेखन केलं की खांद्याचा स्नायू दिवसभर ताणलेला राहतो. माझ्या खांद्याचं दुखणं हेच. पाच महिने मी खुर्चीला दोष देत होते.

४ मे, रविवार

पैसे न घालता चाचणी. बाबांच्या टेबलापाशी लाकडी खुर्ची ठेवून तिच्यावर गोधड्यांच्या घड्या रचल्या, बैठक ५७ वर आली. पायांखाली काय घ्यायचं? मी पाट उचलला, आईने तो काढून घेतला. ज्या पाटावर पानं मांडतो, देव बसतो, त्यावर पाय ठेवायचे नाहीत. बरोबरच आहे. आंब्याची रिकामी पेटी उपडी घालून घेतली, सीझन असल्यामुळे घरात चार पडल्या होत्या.

दोन तास सलग टंकलेखन केलं. पाठ अवघडली, कारण गोधड्यांमुळे खुर्चीची पाठ भलत्या जागी लागत होती. पण खांदा गप्प होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा. म्हणजे हिशेब बरोबर आहे.

६ मे, मंगळवार

खुर्चीसाठी रत्नागिरी. बरोबर टेप. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरू लागला. नऊ खुर्च्या मोजल्या. गॅसच्या दांड्यावर खालीवर होणाऱ्या खुर्च्या सगळ्यांत खाली आणल्या तरी ४३ च्या खाली एकही येईना. बैठकीची खोली बहुतेकांची ४८ ते ५०. पाठीला टेकून बसलं की बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते, पायाला रग लागते. कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहायला हवी. एकच खुर्ची ४४ खोलीची मिळाली. दिसायला सगळ्यांत साधी, पाठीला जाळी, कमरेचा उंचवटा खालीवर होणारा. ७,२०० रुपये. घेतली.

आता हिशेब बदलला. बैठक ४३, कोपर ६४, टेबल ६२. पायाखाली ४ सेंमीची फळी. मांडी ५७ पर्यंत येते आणि टेबलाची खालची बाजू ५९ ला असेल, म्हणजे पाय हलवायला जागा आहे. फक्त मधे खण नको.

खुर्चीची चाकं आमच्या खडबडीत कोब्यावर अडकतात. चाकं काढून रबरी बूच बसवले.

१० मे, शनिवार

टेबलाचं लिहिताना जरा थांबावं लागलं.

मी नवीन करून घेणार होते. घरच्या फणसाच्या फळ्या माळ्यावर आहेत. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "माझं टेबल काय वाईट आहे?" मी म्हटलं, बाबा, चौदा सेंटिमीटर कापावे लागतील. एकतीस वर्षं त्यांनी त्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासल्या. शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा पैसे भरून ते घरी आणलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी उंच होतो, तू नाहीस. काप."

सुतारदादा आले. पाय खाली निमुळते आहेत, चौकोनी. टेबल उलटं करून त्यांनी गुण्याने चारही पायांवर रेघ फिरवली. जमीन सपाट नाही, म्हणून आधी टेबल पडवीत त्याच्या ठरलेल्या जागी उभं करून प्रत्येक पायाची उंची वेगळी घेतली होती. मागच्या डाव्या पायाला १४ ऐवजी १३.६. एवढ्यासाठी ते दोनदा आले, मला फार बरं वाटलं. "ताई, हे चहाच्या टिपॉयसारखं दिसंल," कापण्याआधी त्यांनी एकदा सावध केलं. मी खुर्चीवर बसून कोपर दाखवलं. मग काही बोलले नाहीत.

मधला खण काढला. पुढची पट्टी मात्र तशीच ठेवली असती तर मांडीला लागली असती आणि काढली तर पाय डुगडुगले असते. दादांनी ती काढून आतून दोन लोखंडी कोन मारले. खणाच्या दर्शनी फळीची पाय ठेवायची फळी केली, खाली दोन पट्ट्या, उंची बरोबर ४.

पायांचे कापलेले चार तुकडे टाकवेनात. त्यातल्या दोघांवर तिरकी चौकट बसवून घेतली. मूळ प्रत उभी ठेवायला, कीबोर्ड आणि पडदा यांच्या मधे. आजवर प्रत उजव्या हाताला सपाट पडलेली असायची, आणि ओळीगणिक मान खाली, उजवीकडे, परत वर. दिवसाला काही हजार वेळा. जुन्या पेढ्यांवर मुनीमजी मांडी घालून बसत तेव्हाही त्यांचं मेज उतरतंच असे. ती समज आपण कुठे सोडली कोण जाणे.

सुतारकाम १,८००. बाबांनी टेबलावर हात फिरवला, स्वतः खुर्चीवर बसून पाहिलं. त्यांना ते फारच खाली पडतं. बरं झालं, म्हणाले, आता हे नक्की तुझं.

१४ मे, बुधवार

लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या पाठीवर हात ठेवला की बारीक झिणझिण्या येतात. पुण्यात कधी आल्या नव्हत्या. वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॉटचा पिवळा बल्ब लावला. तो निखाऱ्यासारखा लाल झाला फक्त. मीटरवर फेज-न्यूट्रल २२९ व्होल्ट, आणि बल्ब लावलेला असताना फेज-अर्थ १४०. म्हणजे अर्थिंग नावालाच आहे.

कारण जमिनीत आहे. जांभा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही. जुना खड्डा घराच्या दक्षिणेला, उन्हात. दादांनी जागा बदलली. न्हाणीचं पाणी जातं ती केळीची आळी, तिथली माती बारा महिने ओली. पहारीने सहा फूट गेलो, खाली कातळ लागला. गॅल्वनाइज्ड पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर. वरच्या तोंडाशी पाणी ओतायला फनेल.

परत तोच बल्ब. झळझळीत पेटला. मीटरवर २२५.

ही चाचणी झाल्यावरच ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला, आधी बसवला असता तर बल्ब लावताच पडला असता. सर्ज थांबवणारी पट्टीही घेतली. ती पट्टी येणारा झटका मुख्यतः अर्थमध्ये सोडते. अर्थ नसेल तर तिचा उपयोग बराच कमी. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत हे काम झालं, जीव भांड्यात पडला.

१८ मे, रविवार

इन्व्हर्टर. दुकानात विचारतात, "किती पंखे, किती दिवे?" मी आधी प्लगमध्ये लावायचं वॉट मोजणारं छोटं यंत्र आणलं, ९०० रुपयांचं. प्रत्यक्ष आकडे : लॅपटॉप ४२ वॉट, २४ इंची पडदा २१, इंटरनेटचा डबा ९, दिवा ९. माझा जुना टेबल फॅन ५८. आणि बाबांच्या खोलीतला छताचा पंखा ७२. तो बंद ठेवून मी काम करू शकत नाही, म्हणून तोही या हिशेबात.

बेरीज २११ वॉट. बॅटरी १२ व्होल्ट, १५० ॲम्पियर-अवर. गुणाकार १,८०० वॉट-अवर होतो, पण इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जाते आणि बॅटरी पूर्ण पिळायची नसते. ११०० धरायचे. सव्वापाच तास.

मोठी बॅटरी घेण्याऐवजी पंखे बदलले. दोन्ही बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, २८ वॉटचे. पडवीत कौलं खाली असल्याने माझा भिंतीवरचा. आता बेरीज १३७ वॉट, आठ तास. दोन पंख्यांचा खर्च मोठ्या बॅटरीपेक्षा कमी आणि वीजबिलही उतरेल.

बॅटरी मागच्या पडवीत, उघड्यावर पण छपराखाली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, झोपायच्या खोलीत किंवा देवघराशेजारी ठेवू नये.

२० मे, मंगळवार

पाऊस. वळीव वाटला होता, थांबेचना.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं जूनच्या पहिल्या आठवड्यात धरली होती. पडवीच्या गजांना दरवर्षी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधतात. झड थांबते, पण उजेडही थांबतो. म्हणून वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे आणि खाली झापं असं ठरवलं होतं. पत्रे चिपळूणहून यायचे आहेत. आज घाईघाईने निळी ताडपत्री बांधली.

२५ मे, रविवार

काल अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोली यांच्या मधे किनाऱ्यावर आलं. आज हवामान खात्याने मोसमी पाऊस महाराष्ट्रात आल्याचं सांगितलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, आमच्याकडे त्याआधी चार-पाच दिवस. पंधरवड्याने लवकर. गावात कितीतरी घरं शाकारायची राहिली आहेत, आंबा झाडावर आहे. माझे पत्रे हे त्यातलं सगळ्यांत लहान दुःख.

काल सकाळी वीज गेली आहे. पंखे बंद, पडदा बंद, फक्त लॅपटॉप आणि इंटरनेटचा डबा : ५१ वॉट. या हिशेबाने एकवीस तास मिळायला हवेत. काल दुपारी दोन वाजता डब्यावरचा दिवा लाल झाला. फांदी पडून इंटरनेटची फायबर तुटली. डबाही काढून ठेवला. मोबाइलला रेंज माळ्यावरच्या खिडकीत मिळते. ६४ पानांची फाइल तिथे उकिडवं बसून पाठवली, चाळीस मिनिटं लागली, पण वेळेत गेली.

ताडपत्रीतून येणारा उजेड निळा आहे. लाल शाईच्या खुणा जांभळट काळ्या दिसतात. छापलेल्या अक्षरात त्या मिसळून जातात. हे आधी सुचलं नव्हतं.

२९ मे, गुरुवार

वीज २६ ला संध्याकाळी आली होती. फायबर आज जोडली. लाइनमनदादांनी फायबरमधला प्रकाश मोजणारं मीटर लावून दाखवलं : उणे २६.५. आकडा जितका शून्याकडे तितका प्रकाश जास्त, आणि आमच्या डब्याला उणे २७ च्या पलीकडे दिसतच नाही. म्हणजे जोडून झालं तरी अगदी कडेवर. अशा वेळी दिवा हिरवा असतो आणि जोडणी मात्र तासातासाला सुटते. मी विनंती केली. त्यांनी घरातलं टोक कापून नवीन कनेक्टर बसवला, पुसला. उणे २०.८. टोकावरची धूळ एवढं करू शकते.

डबा ओटीवर आहे आणि मधे चौदा इंची चिऱ्याची भिंत. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय ती ओलांडत नाही, २.४ चं ओलांडतं पण थकून. बारा मीटर लॅनची केबल वाशांखालून पडवीत आणली. उंदरांसाठी प्लॅस्टिकच्या नळीतून.

९ जून, सोमवार

चूक. इयत्ता सातवीच्या पाठात "वारकरी पंथ" चं "वारकरी पथ" झालं होतं. मूळ प्रतीत बरोबर, जुळणीत टिंब गळलं, आणि दोन वाचनांत माझ्या नजरेतून सुटलं. संपादकांनी पकडलं. त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. मुलं पुस्तकात छापलेलं खरं मानतात.

आज उजेड मोजला. मोबाइलमधलं मोजणं अंदाजेच, तरी : प्रतीच्या चौकटीवर दुपारी तीनला ७० लक्स. वाचण्या-लिहिण्याच्या कामाला ३०० ते ५०० लागतात. ताडपत्री आणि आभाळ मिळून हे केलं, आणि मी डोळे ताणून चालवून घेत होते.

दुपारी सुतारदादांनी पत्रे बसवले. चार आले आहेत, सहा फुटी. गजांच्या बाहेरून, खालची कड वीतभर पुढे काढून तिरके. झड बाहेरच उतरते आणि खालून वारा येतो. कमरेखाली झापं. ताडपत्री काढल्यावर पडवीत एकदम माणसांचे रंग परत आले. १९० लक्स.

१५ जून, रविवार

उरलेला उजेड दिव्याने. तीन दिवे आणून पाहिले. मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यात एक दिवा सरळ लपलपताना दिसला, डोळ्याला तो स्थिर वाटत होता. तो परत केला. ठेवला तो ४००० केल्विनचा, ना पिवळा ना निळसर. लांब हाताचा, डावीकडून, म्हणजे उजव्या हाताच्या पेनाची सावली ओळीवर पडत नाही. प्रतीवर ४६० लक्स.

टेबलाची दिशाही फिरवली. गज आता डाव्या हाताला. आधी ते समोर होते, बाहेरचा उजेड आणि पडदा यांच्यात बाहुली सारखी लहानमोठी होत राहायची. गज पाठीमागे घेतले तर पडद्यात त्यांचंच प्रतिबिंब दिसतं.

२२ जून, रविवार

पडद्याची उंची. सगळीकडे लिहिलेलं असतं, वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. तसं केलं आणि मान मागून दुखू लागली. आठवडा गेल्यावर कळलं : माझ्या चष्म्याला खालच्या भागात जवळचा नंबर आहे. पडदा उंच असला की अक्षर स्पष्ट दिसायला मी हनुवटी वर करते.

पडदा त्याच्या पायावर अगदी खाली आणला, वरची कड डोळ्यांच्या ११ सेंमी खाली. शिवाय चष्म्याच्या दुकानात डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं मोजलेलं अंतर सांगितलं, ६२ सेंमी, आणि त्याच अंतराचा एकच नंबर असलेला वेगळा चष्मा करून घेतला. प्रतीची चौकट ५७ वर आहे, तीही त्यात येते. चाळिशी ओलांडलेल्या आणि दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने हा एक खर्च खुर्चीच्याही आधी करावा असं मी म्हणेन. १,४०० रुपये.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहायचं. अंगणाच्या कडेचा फणस पायऱ्यांपासून मोजला, ३१ फूट. त्याच्याकडे बघते.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपासाचं झाल्यावर दमटपणाच्या मागे लागले. पडवीत आर्द्रता ९३ टक्के. बाळंतिणीच्या खोलीत ८४. प्रिंटरमध्ये कागद दोन-दोन घुसतात, कडा वळतात, शाई पसरते. बाबांच्या जुन्या शब्दकोशाच्या कातडी पाठीवर पांढरी बुरशी आलेली. सत्तरच्या वर आर्द्रता राहिली की बुरशीला रान मोकळं.

आजीच्या काळात कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवत. तोच उपाय केला, पण एलईडी तापत नाही, जुना तारेचा पिवळा ४० वॉटचा बल्ब लागतो. दुकानात नाहीच म्हणाले. शेवटी संगमेश्वरला एका जुन्या दुकानात सहा मिळाले, सहाही घेतले. कपाटाच्या तळाशी, भोवती जाळीचा पिंजरा, कागदापासून हातभर दूर. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आतलं माप आज रात्री ६१.

कागदाचं रिम आता कपाटातच. लागतील तेवढी पानं काढायची आणि लगेच छापायची. छापलेल्या प्रतीही रात्री कपाटात. लॅपटॉप चालू असतो तोवर स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. बंद करून तीन दिवस ठेवायची वेळ आली तर तोही आतच.

२० जुलै, रविवार

आवाज. कौलांवर सरळ धारा लागल्या की फोनवर समोरच्याला माझं काही ऐकू जात नाही. तोंडाजवळ माइक येणारा साधा हेडफोन घेतला, निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्यासाठी बोलण्याची कामं बाळंतिणीच्या खोलीत. केबल तिथवर नेलेली नाही, आणि नेणारही नाही. एका खोलीत बोलायचं, दुसरीत वाचायचं, हे मला पटलंय.

३ ऑगस्ट, रविवार

करंगळीच्या मुंग्या तीन आठवड्यांत आल्या नाहीत. खांदा दिवसअखेर दमतो, दुखत नाही. एकूण खर्च ५१ हजारांच्या आत, त्यातले ३० हजार इन्व्हर्टर, बॅटरी आणि पंखे. फक्त मला लागलं त्यातल्या स्वस्त कामांपैकी एक टेबल कापण्याचं, आणि गुण त्याचाच सगळ्यांत जास्त आला.

राहिलेलं : झापांच्या मागच्या भिंतीला ओल येते, टेबल चार बोटं पुढे घ्यायला हवं. सकाळी सात ते नऊ पाऊस नसला की ऊन थेट प्रतीवर येतं. दिवाळीनंतर बांबूची चिक.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. मुंबईची मंडळी उद्या यायला लागतील, आणि आरत्यांना भजनी मंडळ येतं तेव्हा पडवीतही माणसं बसतात. पडवी रिकामी करायला हवी.

बाळंतिणीच्या खोलीचं दार मोजलं : ६८ सेंमी. टेबल आता ६२ उंच, आडवं करून उंबऱ्यावरून अलगद आत गेलं. ७६ चं गेलंच नसतं. दिवा, प्रतीची चौकट, पायाची फळी त्याच्यावर ठेवली. पडदा कपाटात, बल्बपासून दूर. अकरा दिवस तिथे दिव्याच्या उजेडात फक्त जुळणी करीन. वाचनाची कामं पुढे ढकलली आहेत, संपादकांना तसं कळवलं.

उचलण्याआधी पडवीच्या कोब्यावर चारही पायांभोवती खडूने चौकोन काढले. मागच्या डाव्याशी "१३.६" लिहिलं. आई सारवणाचं शेण घेऊन अंगणात निघाली होती, तिला सांगितलं, एवढ्या चार खुणांवर पाणी मारू नकोस.